कॅपचे पर्याय: यादी लेकीची की आपली?

कडुनिंब

लेकीची बारावी झाली, सीईटी झाली, गुणवत्ता यादीत नाव आलं. पर्सेंटाइल बरे आहेत. आकडा लिहीत नाही, कारण तिने तशी ताकीद दिली आहे. आता कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीचे पर्याय भरायचे आहेत: कॉलेज आणि ब्रँचची पसंतीच्या क्रमाने यादी. आम्ही नाशिकचे.

तिला केमिकल इंजिनिअरिंग करायचंय. माटुंग्याचं आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) पहिलं, ते नाही मिळालं तर नागपूरचं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट). हे खूळ आजचं नाही. अकरावीपासून ती हेच म्हणतेय आणि विचारलं तर नीट कारणं सांगते. नवऱ्याचं म्हणणं, एवढे पर्सेंटाइल असताना कॉम्प्युटर सोडून केमिकल घेणं म्हणजे हातची संधी घालवणं.

तो काही हुकूमशहा नाही हो. रात्री जागून त्याने एक्सेल शीट केलंय. मागच्या तीन वर्षांचे कटऑफ, फी, स्टेशनपासूनचं अंतर, होस्टेल आहे की नाही, सगळं रंग देऊन. फक्त वरच्या ओळी कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्सने भरल्यात आणि केमिकल पार तळाला. लेकीने काल ते पाहिलं, "छान केलंय बाबा, तुम्हीच भरून टाका" म्हणाली आणि खोलीत निघून गेली. भांडली असती तर मी निश्चिंत झाले असते.

तर मदत कुठपर्यंत आणि ढवळाढवळ कुठून, हे ज्यांच्या घरी होऊन गेलंय त्यांनी लिहा. "मुलांना मोकळं सोडा" एवढंच सांगायचं असेल तर नको. मोकळं सोडलं तर आरक्षणासाठी लागणारा नॉन-क्रिमीलेअरचा दाखला कोण काढणार?

वळचण

आधी पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप सोडा. बाकीचं नंतर.

फॉर्मवाला

ताई, मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि प्रवेशाच्या हंगामात सुविधा केंद्रावर बसतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर नियमांतच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२५-२६ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्यात. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा आपोआप पक्की होते, तिला ऑटो फ्रीज म्हणतात. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी काहीही मिळालं तरी पक्की. तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी. चौथीत जे मिळेल ते शेवटचं. एकदा पक्की झाली की पुढच्या फेऱ्या आपल्यासाठी बंद. पर्याय तीनशेपर्यंत भरता येतात, पण घराचं भवितव्य वरच्या सहा ओळींत असतं. त्या सहा ओळी ज्याला चार वर्षं तिथे बसायचंय त्याच्याच असाव्यात. खालच्या ओळींत बाबांचं एक्सेल खुशाल वापरा. तिथे ते सोन्यासारखं कामाला येईल, कारण पोरांना खालची यादी करायचा कंटाळा येतो. वरची दहा भरून ती हात झटकतात आणि मग शेवटच्या फेरीत रिकाम्या हाताने केंद्रावर येतात.

दुसरं, क्रम कसा लावायचा. पालक इथे हमखास गफलत करतात. "आपल्याला मिळण्यासारखं आहे ते वर टाकू, वरचं मोठं कॉलेज टाकून पर्याय वाया कशाला घालवायचा?" वाया जात नाही. गुणवत्ता क्रमांकानुसार तुमची पाळी आली की संगणक तुमच्या पहिल्या पर्यायापासून सुरू करतो आणि जिथे जागा असेल तिथे थांबतो. आयसीटी पहिलं टाकलं आणि मिळालं नाही, म्हणून दुसऱ्या पर्यायाची संधी कणभरही कमी होत नाही. म्हणजे क्रम आवडीचाच लावायचा. कटऑफ बघायचा तो यादी खाली कुठपर्यंत न्यायची हे ठरवायला.

तिसरं, मिस्टरांच्या शीटमधले कटऑफ कुठल्या रकान्यातून घेतलेत ते एकदा बघा. कटऑफच्या पीडीएफमध्ये जीओपीईएनएच, एलओपीईएनएच असे कोड असतात. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव ३० टक्क्यांतल्या जागा. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, कॉलेज ज्या विद्यापीठाच्या भागात आहे तिथलीच मुलं, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, एस म्हणजे राज्यस्तर. नाशिकच्या मुलीला नागपूरसाठी एच कामाचा नाही, ओ किंवा एस बघावा लागेल. आणि ती मुलगी असल्यामुळे एलचे आकडे बघायला हवेत. बरेच वडील फक्त जीचे आकडे उतरवून घेतात आणि मुलीला सांगतात की तुला ते मिळणारच नाही.

लॉगिन कोणाच्या मोबाइलवर आहे?

कडुनिंब

लॉगिन नवऱ्याच्या मोबाइलवर. आणि हो, आत्ताच विचारलं, त्याने जीचेच आकडे घेतलेत. आता पुन्हा लॅपटॉप उघडून बसलाय :)

नवीमुंबईकर

मी विरुद्ध बाजूने लिहितो, कारण धाग्यावर सगळे एका सुरात बोलणार हे दिसतंय.

फी मी भरणार, कर्ज काढलं तर सही माझी, नोकरी लागली नाही तर पोरगा घरी माझ्याकडे बसणार. सतरा वर्षांच्या मुलाला कॉलेज म्हणजे काय वाटतं? माझ्या मुलाचा पहिला पर्याय त्याच्या मित्राचा पहिला पर्याय आहे. कारण विचारलं तर "कॅम्पस भारी आहे." ही रील बघून केलेली निवड आहे, आणि तिचा मान ठेवायचा म्हणून मी पाच-सहा लाख रुपये घालवू? मी रोज सकाळी हार्बर लाइनला लटकून जातो, या क्षेत्रात माणसं घेतो, काढलेलीही बघितली आहेत. माझा अनुभव वापरायचा नाही तर मग मी आहे कशाला?

मी फॉर्म भरणार. तो शेजारी बसेल, विचारलं तर सांगेन. याला ढवळाढवळ म्हणायचं असेल तर म्हणा.

वळचण

म्हणतो.

उकडहंडी

नवीमुंबईकर, तुमचं मित्राबद्दलचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. पण त्यावर उपाय फॉर्म हिसकावून घेणं हा नाही. माझ्या भाच्याचं हेच चाललं होतं. माझ्या बहिणीने एकच केलं. पहिल्या पाचही कॉलेजांत त्याला नेलं, आणि आत गेल्यावर स्वतः बाहेर चहाच्या टपरीवर बसली. आत जाऊन कोणाला काय विचारायचं हे तू बघ, म्हणाली. पोरगं आधी लाजलं, मग दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारत सुटलं. लॅब चालतात का, सर शिकवतात की पीपीटी वाचतात, होस्टेलला पाणी येतं का, कंपन्या येतात त्या कोणाकोणाला घेतात. परत आल्यावर यादीतला एक नंबर त्याने स्वतःच खाली टाकला. मित्राचा होता तो.

आई शेजारी उभी असती तर त्या मुलांनी खरं सांगितलंच नसतं. "छान आहे काकू" म्हणून पुढे गेली असती.

शेवटचा_बाक

मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. मुलांच्या बाजूने कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

माझा पासवर्ड पप्पांच्या डायरीत होता, ओटीपी पप्पांच्या फोनवर. मला कुठलं कॉलेज लागलं हे मला काकांच्या स्टेटसवरून कळलं. पप्पांनी ऑफिसमधून लॉगिन करून बघितलं, फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला आणि मला फोन करायचं राहून गेलं. कॉलेज चांगलं आहे, ब्रँचही मला नको होती असं नाही. तरी पहिलं वर्षभर कोणी "तू हे का घेतलंस?" विचारलं की माझ्याकडे उत्तर नव्हतं. एम-३ मध्ये (गणिताचा तिसरा पेपर) बॅकलॉग आला तेव्हा पहिला विचार काय आला माहितीय? "पप्पांनी घेतलंय, पप्पा बघतील." मूर्खपणा आहे, पण आला.

कडुनिंब काकू, "तुम्हीच भरा" म्हणजे होकार समजू नका. आमच्या वयात ते "जाऊ दे" असतं.

अजून एक. जेवताना तो विषय नको. सीईटीपासून ॲडमिशनपर्यंत आमच्या घरी दुसरं काही बोललंच गेलं नाही. दिवसातला एखादा तास ठरवा, तेव्हा काय बोलायचं ते बोला, मग बंद.

कडुनिंब

शेवटचा_बाक, थँक यू रे. तुझी पोस्ट नवऱ्याला वाचायला दिली. काही बोलला नाही, पण दोनदा वाचली.

बालाघाट

आमच्याकडं सगळं उलटं आहे, म्हणून इथं लिहू का नको असं वाटत होतं. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला शिकवतो. शाळेतून गेलेली पोरं बारावीनंतर माझ्याकडंच येतात, सर फॉर्म बघा म्हणून. त्यांचे आईवडील ढवळाढवळ करत नाहीत. त्यांना करताच येत नाही. बाप म्हणतो, "सर, तुम्ही म्हणाल ते." आई म्हणते, "लांब नको." संपलं.

मग ताबा कोण घेतं? तालुक्याचा नेट कॅफेवाला. एका दिवसात पन्नास पोरांचे फॉर्म भरायचे असतात, त्याला कुठं वेळ आहे एकेकाची आवड विचारायला. एक ठरलेली यादी असते, तीच सगळ्यांना. काही ठिकाणी तर मोबाइल नंबरसुद्धा त्याचाच टाकलेला असतो, का तर पोरीकडं फोन नाही आणि बापाचा फोन रिचार्जअभावी बंद. म्हणजे ओटीपी कॅफेवर. जागा लागली का नाही हे विचारायला पोरीनं बारा किलोमीटर एसटीनं जायचं. आणि त्या भागात एजंट फिरतात, "अमुक कॉलेज वर टाक, होस्टेल फुकट देतो." कॅफेवाल्याशी त्यांची ओळख असतेच.

म्हणून मी पोरांना पहिल्यांदा सिम घ्यायला लावतो. आईच्या नावावर का असेना, पण फोन पोराच्या हातात पायजे. मग कागदं. जात वैधता प्रमाणपत्र हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा घोर. समितीकडं अर्ज केल्याची पावती जोडून फॉर्म तर भरता येतो, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर पोरगं खुल्या प्रवर्गात जातं आणि हातची जागा जाते. हे काम बापाचं आहे. जिल्ह्याला हेलपाटे घालणं, आजोबाच्या शाळेचा दाखला शोधणं, तहसीलला नॉन-क्रिमीलेअरसाठी उत्पन्नाचे कागद देणं, हे सतरा वर्षाच्या पोरानं एकट्यानं करायचं काम नाही. शहरातले पालक यादीत जेवढा जीव घालतात त्यातला निम्मा दाखल्यांत घातला तर बरं होईल.

पोरींच्या बाबतीत एक सांगतो, कारण हे अजून घराघरात पोचलेलं नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. "पोरीवर एवढा खर्च कशाला" म्हणणाऱ्या बापाला मी हा कागदच काढून दाखवतो. होस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या पोरांना स्वाधार योजना आहे. पैशाचा प्रश्न सुटला की मग कुठं पोरगी तोंड उघडते आणि मला खरी ब्रँच सांगते. तवर ती "जवळचं कोणतंबी" एवढंच म्हणत असते.

गेल्या खेपेला एका पोरीनं सिव्हिल सांगितलं. बाप हसला, म्हणाला साइटवर पोरगी? मी म्हणालो, तुमच्या गावचा बंधारा फुटला तेव्हा बघायला आलेली इंजिनिअर कोण होती आठवा. त्याला आठवली. पुढं काही बोलला नाही.

कडुनिंब

सर, लिहू का नको म्हणालात, बरं झालं लिहिलंत.

फॉर्मवाला

बालाघाट सरांना अनुमोदन. केंद्रावर आम्ही रोज बघतो: पर्यायांची यादी लॅमिनेट केलेली आणि नॉन-क्रिमीलेअर मार्चमध्येच संपलेलं.

त्याला जोडून टीएफडब्ल्यूएसबद्दल. शिक्षण शुल्क माफीच्या या जागांना आठ लाखांचीच उत्पन्नमर्यादा आहे आणि त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. तो वेगळा पर्याय म्हणून भरावा लागतो, आपोआप लागू होत नाही. हे मुलांना माहीत नसतं आणि पालक "फी किती" एवढंच विचारत बसतात.

रविवारची_मिसळ

माझा मुलगा आत्ता दहावी झालाय, म्हणून हा धागा वाचतेय. एक वाटलं ते लिहिते. तुम्ही सगळे बारावीनंतरच्या फॉर्मवर बोलताय, पण मुलाच्या हातून गोष्टी जातात त्या अकरावीलाच. २०२५ पासून अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया सगळ्या राज्यात झाली. दहापर्यंत कॉलेजं टाकायची, पहिलं मिळालं तर घ्यावंच लागतं. आमच्या सोसायटीत त्या दहा कॉलेजांवर कोणी मुलांशी चर्चाच केली नाही, कारण चर्चा आधीच क्लासवाल्यांशी झाली होती. इंटिग्रेटेड घ्यायचं, कॉलेज नावाला, क्लास म्हणेल तिथे प्रवेश. विज्ञान घ्यायचं का हे विचारायचंसुद्धा असतं हे कोणाला सुचलं नाही. मग दोन वर्षांनी त्याच मुलाला अचानक "तुझी आवड काय?" विचारलं तर तो काय सांगणार?

माझ्या मुलाला कॉमर्स हवंय. घरी युद्ध सुरू आहे. त्यावर वेगळा धागा काढते.

वळचण

काढा. दोन बाजूंनी कुमक पाठवतो.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. इथे फॉर्म भरणं हा प्रकार वेगळाच. कॉमन ॲपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांसाठी चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, मुलाने स्वतःबद्दल जास्तीत जास्त ६५० शब्दांचा निबंध लिहायचा असतो आणि आमच्यासारखे देशी आईबाप नेमका तोच लिहून द्यायला जातात. माझी मुलगी म्हणाली, "आई, यात तुझी गणपतीची आरास दिसतेय, मी कुठे दिसतेय?" आणि एकदा अठरा पूर्ण होऊन कॉलेजात गेलं की १९७४ च्या फर्पा कायद्याप्रमाणे (विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा कायदा) मुलाच्या परवानगीशिवाय कॉलेज पालकांना सहसा मार्कसुद्धा सांगत नाही. फी आपण भरत असलो तरी. आमच्या मंडळात दरवर्षी कोणीतरी बाबा यावर संतापून भाषण करतात.

नवीमुंबईकर

तिकडचं तिकडे. इथे कॉलेजच पालकांना फोन करतं हजेरी कमी आहे म्हणून.

सातासमुद्रापार

हेही खरंच.

पाटी_पुसणारी

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. या सगळ्यात एक गोष्ट मागे राहतेय ती म्हणजे निकालाच्या आणि यादीच्या दिवशी घरात काय होतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे निम्म्या नातेवाइकांना कळत नाही. ८५ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. त्याला दोनशेपैकी मार्क त्यापेक्षा बरेच कमी असू शकतात. पण आत्याला फोनवर "८५" सांगितलं की ती म्हणते, "अगंबाई, दहावीला तर ९६ होते!" मूल शेजारच्या खोलीत ऐकत असतं. इथे आईबापांचं खरं काम आहे. फोन तुम्ही घ्या, "चांगलं झालंय, कॉलेज ठरलं की कळवू" एवढं बोला आणि ठेवा. स्कोअरकार्ड स्टेटसवर नको, ग्रुपवर नको. मूल स्वतः टाकेल तर टाकेल.

दुसरं. मूल चिडतं, दार आपटतं, फोन घेऊन बसतं, याची मला फारशी काळजी वाटत नाही. जे मूल एकदम शहाण्यासारखं वागायला लागतं, सगळ्याला हो म्हणतं, झोप उडालेली असते, जेवण कमी झालेलं असतं, "माझ्यामुळे तुमचे पैसे गेले" असं काहीतरी बोलून जातं, त्याच्याकडे लक्ष द्या. तिथे यादी, कटऑफ सगळं बाजूला ठेवायचं. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी तो वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवते. आईबापांनीही त्यावर बोलायला हरकत नाही, त्यांचीही झोप उडालेली असतेच.

कडुनिंब, तुमच्या मुलीबद्दल घाबरवत नाहीये. पण "भरून टाका"नंतर ती कशी आहे ते बघा.

कडुनिंब

बघितलं. मॅडम, तुमची पोस्ट वाचून रात्री तिच्या खोलीत जाऊन बसले. जेवण-झोप ठीक आहे. नुसती चिडली होती, आणि चिडायचं कारणही वेगळंच निघालं. तिने मला विचारलं, "नागपूर मिळालं तर खरंच पाठवणार आहात, की यादीत असू दे म्हणताय आणि नंतर नको म्हणणार?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण नवऱ्याच्या आणि माझ्या मनात ते ठरलेलंच नव्हतं. आम्ही गृहीत धरलं होतं की ती वेळ येणार नाही.

मग तिघं बसलो. नवऱ्याने पहिल्यांदाच पैशाचा खरा आकडा सांगितला. वर्षाला एवढे माझ्याकडून होतील, त्यावर गेलं तर कर्ज, आणि घराचा हप्ता अजून एवढा बाकी आहे. लेकीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने स्वतःच मॅनेजमेंट कोट्याचा विषय बंद केला, जो हा गेले कित्येक दिवस मनात घेऊन फिरत होता. नागपूरचं ठरलं की पाठवायचं. विदर्भ एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते, रात्रीत बसलं की सकाळी नागपूर, हे तिने आधीच बघून ठेवलं होतं. ज्या दोन कॉलेजांना आम्ही पाठवणारच नाही (एकाचं कारण सांगितलं, दुसऱ्याचं तिला पटलं नाही) ती यादीतून आत्ताच काढली.

केमिकल विरुद्ध कॉम्प्युटर अजून मिटलेलं नाही. नवरा म्हणतो पटलेलं नाही, पण वरच्या सहा ओळी तिच्या. लॉगिनचा नंबर बदलता येतो का?

फॉर्मवाला

पाठवायचंय की नाही हे पर्याय भरायच्या आधी बोललात, फार चांगलं. केंद्रावर सगळ्यात वाईट प्रसंग तोच असतो. जागा मिळालेली, मूल आनंदात आणि वडील म्हणतात "एवढ्या लांब नको." एलआयटी १९४२ पासूनची संस्था आहे, २०२३ मध्ये तिचं विद्यापीठ झालं. यादीत शोभेसाठी ठेवायचं कॉलेज नव्हे ते.

नंबर बदलायचं मदतकक्षाला किंवा सुविधा केंद्रावर विचारा. तोवर सोपा मार्ग: ओटीपी बाबांच्या फोनवर येऊ दे, पण "कन्फर्म" तिने दाबायचं आणि कन्फर्म झालेल्या फॉर्मची प्रिंट तिने ठेवायची. जागा मिळाल्याचं पानही आधी तिने उघडायचं. शेवटचा_बाकच्या काकांना निरोप द्या.

शेवटचा_बाक

काका अजूनही स्टेटस टाकतात. आता बहिणीची बारावी आहे.

मधल्या_सुट्टीत

फ्लोट करायचं की स्लाइड? आमच्या पुतण्याला विचारायचं होतं.

फॉर्मवाला

ते जोसाचं, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या वेगळ्या प्रवेश प्रक्रियेचं. राज्याच्या कॅपमध्ये फ्रीज (मिळालेली जागा पक्की) नाहीतर बेटरमेंट (पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट बघणं). दोन्हीकडे अर्ज असेल तर दोन वेगळ्या वह्या करा, नाहीतर घोळ होतो.

नवीमुंबईकर

शेवटचा_बाकची पोस्ट वाचून जरा लागलं. असो. माझं मत बदललेलं नाही, पण एक तांत्रिक शंका आहे.

मुलाला मेकॅनिकल हवंय. पहिल्या फेरीच्या फॉर्ममध्ये मी एक नंबरला आयटी टाकलंय, दोनपासून त्याचे पर्याय. म्हटलं पहिली फेरी अंदाज घ्यायला असते, आयटी मिळालं तर बघू, नाहीतर दुसऱ्या फेरीत फॉर्म पुन्हा भरता येतोच. बरोबर ना?

फॉर्मवाला

नाही. पहिली फेरी अंदाजाची नाही. दुसऱ्या फेरीसाठी फॉर्म पुन्हा भरता येतो, पण ज्याला पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला त्याला नाही. त्याची जागा ऑटो फ्रीज होते. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. बेटरमेंट मागता येत नाही.

त्या आयटीचा मागच्या वर्षीचा कटऑफ तुमच्या मुलाच्या पर्सेंटाइलच्या खाली आहे का वर?

नवीमुंबईकर

खाली. आरामात मिळेल.

फॉर्मवाला

मग तेच मिळणार. फॉर्म कन्फर्म केलाय?

नवीमुंबईकर

सेव्ह केलाय. कन्फर्मची मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे.

बालाघाट

पोराला माहीत आहे का एक नंबरला काय आहे ते?

नवीमुंबईकर

झोपलाय तो. सकाळी दाखवतो.

वळचण

आत्ता उठवा.